दोन बॅरलची रायफल: दुर्बीण बॅरलवर की रिसीव्हरवर?

जर्मनीत स्थायिक झालेल्या आणि यागडशाइनची, म्हणजे तिथल्या शिकार-परवान्याची, परीक्षा पास केलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे तिकडे हा प्रश्नच येत नाही. इथे मात्र तो लवकर येतो. मे महिन्यात मचाणावर बसून रो हरणाच्या नराची वाट पाहायची तर ६.५ क्रीडमोर हे काडतूस पुरतं. नोव्हेंबरात हाकाऱ्याला उभं राहायचं आणि समोरून रानडुकरं येणार असतील, तर मला ९.३ बाय ६२ हे मोठ्या गोळीचं काडतूस हवं असतं. दोन रायफली घेण्याऐवजी एकच रायफल आणि तिला आलटून पालटून लावायची दोन बॅरल, हे तुमचं ठरलं आहे असं धरतो.

मग खरा फरक उरतो तो एकच: दुर्बीण कुठे बसते. ब्लेझर आर८ मध्ये, म्हणजे २००८ साली आलेल्या सरळ ओढायच्या बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याच्या) रायफलमध्ये, दुर्बिणीचा माउंट, तिला धरणारी पकड, थेट बॅरलवर बसतो. साउअर ४०४ ही २०१५ ची, बोल्ट फिरवायची रायफल. तिच्यात तो रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या भागावर, बसतो. दोन्ही कंपन्यांचा पत्ता आज एकाच गावातला, आल्गॉयमधल्या इस्नीचा, पण विचार अगदी वेगळे. दोन्हींत बॅरल काढणं-घालणं सोपं आहे. ४०४ ची चावी तर पट्ट्याच्या पुढच्या कडीतच असते. ६.५ क्रीडमोर आणि ९.३ बाय ६२ यांच्या काडतुसांचा बूड जवळजवळ सारखाच, सुमारे १२ मिलिमीटरचा, त्यामुळे या जोडीला बोल्टचं डोकं बदलावं लागत नाही. ३०० विन मॅग किंवा २२३ ही काडतुसं घेणार असाल तर तो खर्च वेगळा धरा.

हातात घेतल्यावर मला रिसीव्हरवाली रचना जास्त आवडते, हे आधी सांगतो. दुर्बीण डोळ्याला सहज सापडते, बोल्ट फिरवण्याची सवय अनेकांना आधीपासून असते आणि एकच चांगली दुर्बीण दोन्ही बॅरलना चालते. दुर्बिणीची किंमत रायफलच्या जवळ जाते, तेव्हा हा मुद्दा लहान नाही.

पण नेम झिरो करण्याचं, म्हणजे गोळी ठरल्या जागी पडेल असा दुर्बिणीचा नेम जुळवण्याचं, काय? रिसीव्हरवर दुर्बीण असलेली रायफल मी बरीच वापरली. प्रत्येक बॅरलची गोळी स्वतःच्या जागी पडते. ६.५ क्रीडमोर १०० मीटरवर ४ सेंटीमीटर उंच लावून ठेवली आणि ९.३ चं बॅरल घातलं, की गोळी वेगळ्याच ठिकाणी, बहुधा खाली, जाणार. मग वहीत दुर्बिणीच्या चकतीचे क्लिक (खटके) लिहून ठेवायचे, बदलल्यावर तेवढे फिरवायचे, आणि तरी खात्रीसाठी रेंजवर जायचं. क्लिक बरोबर मोजले आहेत हे मनाला पटतं, पण रानडुक्कर जखमी होऊन झाडीत गेलं तर त्याचा माग मला आणि कुत्र्याला काढावा लागतो. म्हणून मी गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय शिकारीला जात नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये हरणा-डुकरांसाठी शिसेविरहित गोळ्याच वापराव्या लागतात. त्या महाग असतात, शिवाय प्रत्येक बॅरलला त्यातली वेगळीच पसंत पडते. शुक्रवारी संध्याकाळी मचाण आणि शनिवारी सकाळी हाकारा, असा आठवडा आला की मधे रेंज गाठायला वेळ कुठे असतो? बॅरल दोन असूनही एकच वापरलं जातं. मला खटकलं ते हेच, आणि माझा निर्णय त्यावरच झाला.

कुणी म्हणेल, दुसरी दुर्बीण घ्या, दुसऱ्या माउंटवर बसवा, प्रत्येकीचा झिरो वेगळा ठेवा. हे चालतं, आणि अनेकजण समाधानाने करतात. पण तिथे दोन सांधे दर वेळी तंतोतंत जुळावे लागतात: बॅरल रिसीव्हरमध्ये आणि माउंट रिसीव्हरवर. बॅरलवरच दुर्बीण असेल तर दोघं एकत्र निघतात आणि एकत्र परत बसतात. मधे काही हललंच नाही, तर झिरो कशाला हलेल? माझ्याकडच्या बॅरल-दुर्बिणीच्या जोड्या काढून घातल्यावरही गोळी तिथेच पडत आली आहे. हे मोजमाप नव्हे, माझा अनुभव आहे, आणि तुमचा थोडा वेगळा असू शकतो.

आर८ ची अडचणही आहे. दोन जोड्या म्हणजे दोन दुर्बिणी, आणि बॅरल सहसा त्याच कंपनीचं घ्यावं लागतं. ट्रिगर आणि मॅगझिन एकाच भागात आहेत. मला त्यात सुरक्षितता दिसते, कारण तो काढून खिशात ठेवला की रायफल चालतच नाही. पण काहींना तो भाग हरवण्याची भीती वाटते, आणि ती चुकीची नाही. वर्षातून दोनदाच, हंगाम बदलताना, बॅरल बदलणार असाल, तर रेंजवर तसंही जाणारच. अशा माणसाला मी ४०४ कडे बघायला सांगेन. एकाच आठवड्यात दोन्ही बॅरल वापरायची असतील तर माझं मत बॅरलवरच्या दुर्बिणीकडे झुकतं.

एकदम सगळं घेऊ नका. पहिलं बॅरल आणि चांगली दुर्बीण घेऊन एक हंगाम काढा. दुसऱ्या जोडीची दुर्बीण साधी, कमी पटीने मोठं दाखवणारी चालेल, कारण हाकाऱ्यात नेम जवळचाच असतो. दुसरं बॅरल आल्यावर ते शस्त्रपरवान्यात दोन आठवड्यांच्या आत नोंदवा, कारण कायद्याच्या दृष्टीने बॅरल हाही शस्त्राचा मुख्य भाग आहे. दुकानदाराकडे मागायचं असेल तर एवढंच मागा, की तुमच्यासमोर बॅरल काढून पुन्हा बसवावं आणि त्यांच्या रेंजवर आधी-नंतर तीन-तीन गोळ्या झाडू द्याव्यात.