लॅब, जर्मन शेफर्ड की बीगल? पहिलाच कुत्रा घेताय तर हे वाचा

पहिल्यांदाच कुत्रा घेताय ना, मग फोटो बघून ठरवू नका प्लीज, आधी ती जात मुळात कुठल्या कामासाठी तयार झाली ते बघा, कारण कुत्रा सोफ्यावर लोळायला लागला तरी ते काम त्याच्या अंगातून जात नाही.

लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांबरोबर पाण्यात उतरायचे, पुढे शिकारीत पडलेले पक्षी न चावता उचलून आणायला ही जात वापरली गेली. म्हणून लॅबला तोंडात सतत काहीतरी लागतं, चप्पल मोजा उशी काहीही, आणि माणसाचं ऐकायची आवड असल्याने शिकतोही पटकन. पण अनोळखी माणसापुढेही शेपूट हलवणार, त्यामुळे राखणीसाठी हवा असेल तर लॅब नको. आणि खाणं! २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की बऱ्याच लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जीनचा तुकडाच नसतो, म्हणजे तो हावरटपणा नाहीये हो, त्या बिचाऱ्याला खरंच जास्त भूक लागते. मोजूनच द्या, त्याच्या डोळ्यांकडे बघून नको, वजन वाढलं की सांधे जातात.

जर्मन शेफर्ड माझा सगळ्यात लाडका, तरीही पहिला कुत्रा म्हणून मी तो चटकन सुचवणार नाही. १८९९ मध्ये जर्मनीत मॅक्स फॉन स्टेफानिट्झने ही जात नावारूपाला आणली ती मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून, आणि घरातली माणसं म्हणजे त्याच्यासाठी कळपच, कोण बाहेर गेलं कोण अजून आलं नाही सगळ्यावर लक्ष. जीव लावतो तो प्रचंड, पण पहिल्या तीनेक महिन्यांत वेगवेगळी माणसं, आवाज, गाड्या दाखवल्या नाहीत तर संशयी आणि भित्रा होऊ शकतो, आणि घाबरलेला तीस-पस्तीस किलोचा कुत्रा आवरणं नवख्याचं काम नाही. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर कडेवर घेऊन दाखवा, पण दाखवाच. रोज फिरणं अधिक डोक्याला काम, एवढा वेळ असेल तर मात्र याच्यासारखा सोबती नाही.

बीगल दहा-बारा किलोचा, म्हणून लोक सोपा समजतात आणि इथेच फसतात. सशाच्या वासामागे टोळीने धावायला तयार केलेली जात ही, नाक जमिनीला लागलं की तुमची हाक त्याच्या कानात शिरतच नाही. मोकळ्या जागेत पट्टा सोडू नका. टोळीतला असल्याने एकटेपणा सोसत नाही, मग लांब सूर लावून रडतो, शेजाऱ्यांपर्यंत जातं ते. मुलांशी, दुसऱ्या कुत्र्यांशी मात्र छान जमतं.

केस तिघांचेही गळतात, शेफर्डचे सर्वात जास्त.

घरात दिवसभर कोणीतरी असेल आणि मुलं लहान असतील तर मी लॅबच म्हणेन, फक्त पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं नको, आणि लॅब असो की शेफर्ड, आईबापाच्या खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे मागून बघा, कारण सांध्यांचा दोष पिल्लांतही उतरू शकतो, दाखवायला टाळाटाळ केली तर तिथून पिल्लू घेऊ नका.