पेपर छापतो म्हणून पैसे घेतले आणि डिझर्टेशनचा चॅप्टरच वाया गेला (मीडिया स्टडीजवाल्यांनी नक्की वाचा)

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. पण परवा आमच्या डिपार्टमेंटच्या एका ज्युनिअरने मला मेल दाखवला, ताई हे जर्नल चांगलं आहे का म्हणून, आणि तो वाचून माझ्या पोटात गोळाच आला. शब्दन् शब्द तोच मेल, जो मला दीड वर्षापूर्वी आला होता, फक्त जर्नलचं नाव बदललेलं. म्हणून आता लिहूनच टाकते, लांब झालं तरी चालेल.

मी कम्युनिकेशन अँड मीडिया स्टडीजमध्ये एमए केलं. डिझर्टेशन अजेंडा सेटिंगवर होतं. ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, मॅककॉम्ब्स आणि शॉ या दोन अमेरिकन संशोधकांनी 1968 च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी चॅपल हिलमध्ये 100 मतदारांना विचारलं होतं की तुम्हाला कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात, आणि ती यादी मीडिया ज्या प्रश्नांवर जास्त जोर देत होता त्या यादीशी बरीच जुळली. 1972 ला तो पेपर आला. मी तसंच काहीसं पण छोट्या प्रमाणावर केलं, 480 हेडलाईन्सचं कंटेंट ॲनालिसिस, म्हणजे प्रत्येक हेडलाईन कुठल्या प्रकारात बसते ते नियमांनी ठरवायचं (कोड करायचं) आणि मोजायचं. त्या नियमांचं कोडबुक बनवायला दोन महिने गेले, मग मी आणि माझी मैत्रीण वेगवेगळ्या खोल्यांत बसून त्याच हेडलाईन्स कोड करायचो, एकमेकींच्या शीट न बघता, आणि मग जुळतंय का ते तपासायचो. हे सगळं सांगतेय ते एवढ्यासाठी की त्या चॅप्टरमधून केलेला माझा पेपर काही इकडून तिकडून कॉपी मारलेला नव्हता. त्यात खरंच जीव ओतला होता, आणि तेच गेलं याचं जास्त दुःख आहे.

पहिला मेल आला तो स्टुडंट कॉन्फरन्सनंतर आठवड्याभरात. कॉन्फरन्सच्या पुस्तिकेत सगळ्यांचे ॲबस्ट्रॅक्ट आणि मेल आयडी छापलेले असतात, तिथूनच उचलला असणार. "आपल्या मौल्यवान संशोधनाने आम्ही प्रभावित झालो" वगैरे, आणि खाली माझ्या पेपरचं नाव, तेही पूर्ण बरोबर. मी तेव्हा अजिबात फसले नाही हं. वाचला, खोटा वाटला, डिलीट केला. मैत्रिणीलाही म्हटलं असले मेल येतात, लक्ष देऊ नकोस.

साधारण महिन्याभराने दुसरा आला. स्पेशल इश्यू निघतोय, मीडिया आणि निवडणुका हाच विषय, शेवटची तारीख दहा दिवसांवर. आणि मला आठवतंय, मी स्क्रीनकडे बघून स्वतःशीच म्हटलं, अरे हे नाव आपण कुठेतरी ऐकलंय. कुठे ऐकलंय ते आठवलंच नाही. ओळखीचं वाटलं एवढंच.

आता यावर जरा थांबते, कारण हे आम्हाला शिकवलं होतं. पहिल्याच सेमिस्टरला. हॉवलंड आणि वाईस यांचा 1951 चा अभ्यास, येल युनिव्हर्सिटीतला. विद्यार्थ्यांना तेच लेख वाचायला दिले, काहींना सांगितलं लेखक भरवशाचा आहे, काहींना सांगितलं बेभरवशाचा. अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुडीवरचा लेख होता, तर एका गटाला नाव सांगितलं ओपेनहायमर (अमेरिकेचे अणुशास्त्रज्ञ), दुसऱ्याला प्रावदा (सोव्हिएत रशियाचं सरकारी पक्षाचं वृत्तपत्र). लगेच विचारलं तेव्हा भरवशाच्या लेखकाचं जास्त लोकांना पटलेलं. चार आठवड्यांनी परत विचारलं तर तो फरक जवळपास गेलेला, म्हणजे भरवशाच्या लेखकाचा प्रभाव कमी झालेला आणि बेभरवशाच्याचा वाढलेला. याला स्लीपर इफेक्ट म्हणतात. गोष्ट डोक्यात राहते पण ती कुणी सांगितली हे तिच्यापासून सुटं होतं. मी परीक्षेत यावर पूर्ण उत्तर लिहिलंय. आणि माझ्या बाबतीत तंतोतंत हेच झालं, जर्नलचं नाव डोक्यात राहिलं आणि ते एका खोट्या वाटलेल्या मेलमधून आलं होतं हे गळून गेलं. त्यामुळे "मला कळतं असलं" या भरवशावर प्लीज राहू नका. पहिल्या वेळी कळलं म्हणून दुसऱ्या वेळी कळेलच असं नाही. मी आता अशा मेलची एक छोटी फाईल ठेवते, नाव, तारीख, कुठून आला, आणि नवीन काही आलं की आधी ती उघडते.

त्या वेळी माझे पीएचडीचे अर्ज चालू होते. फॉर्ममध्ये पब्लिकेशन्सचा रकाना असतो तो रिकामा सोडायला फार जीवावर येतं, बरोबरच्या दोघांचं काही ना काही छापून आलेलं. गाईड मॅडम तेव्हा रजेवर, त्यांना कशाला त्रास द्यायचा म्हणून विचारलं नाही. ही माझी सगळ्यात मोठी चूक. एक मेल टाकला असता तर पाच मिनिटांत उत्तर आलं असतं.

वेबसाईट मात्र मी बघितली. आयएसएसएन होता, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरचे सरासरी किती संदर्भ इतर जण देतात तो आकडा) लिहिलेला, आणि एडिटोरियल बोर्डवर एका मोठ्या प्रोफेसरांचं नाव आणि फोटो, ज्यांचे पेपर मी स्वतः सायटेशनमध्ये वापरलेत. त्या नावावरच मी पेपर पाठवला. नंतर जे कळलं ते सांगते. आयएसएसएन म्हणजे आठ अंकांचा फक्त ओळख नंबर आहे, जर्नल चांगलं की वाईट याच्याशी त्याचा काहीच संबंध नाही. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये येतो, तिथे हे जर्नल नव्हतंच, त्यांनी भलत्याच कुठल्यातरी कंपनीचा आकडा लावलेला. आणि त्या प्रोफेसरांना मी सगळं झाल्यावर मेल केला तर त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की मी कधीच या बोर्डवर नव्हतो, नाव काढा म्हणून तीनदा लिहिलंय, कुणी दाद देत नाही. हा मेल मी पेपर पाठवायच्या आधी करू शकत होते ना.

पेपर पाठवला आणि तिसऱ्या दिवशी ॲक्सेप्ट! दोन रिव्ह्यूअर्सचे रिपोर्ट जोडलेले. एकात होतं पेपर उत्तम आहे, व्याकरण एकदा बघून घ्या. दुसऱ्यात होतं विषय समाजासाठी उपयोगी आहे, फॉन्ट बारा ठेवा. बस. आता कंटेंट ॲनालिसिसचा पेपर कुणीही खरंच वाचला तर तो पहिल्यांदा विचारणार की दोन कोडर्सचं किती जुळलं, कोहेनचा कॅपा किती, नाहीतर क्रिपेनडॉर्फचा अल्फा किती (ही जुळणी मोजायचे आकडे, 1 म्हणजे पूर्ण जुळलं). मी घाईत शब्द कमी करताना तो आकडा असलेला पॅरेग्राफच चुकून उडवला होता. मेथडॉलॉजीचा कणाच गायब, आणि दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. मला मात्र त्या रात्री एवढा आनंद झाला होता की मी तीन वेळा तो मेल वाचला. बऱ्याच दिवसांनी मी त्या रिपोर्टच्या फाईलची माहिती उघडून बघितली, तर फाईल बनवल्याची तारीख मी पेपर पाठवला त्याच्या चार महिने आधीची. म्हणजे तो रिपोर्ट माझ्या पेपरचा नव्हताच. सगळ्यांना तोच जात असणार.

मग फी. वेबसाईटवर फीचा उल्लेख कुठेच नव्हता, ॲक्सेप्ट झाल्यावर सांगितलं, 48 तासांत भरा नाहीतर जागा जाईल. इथे एक स्पष्ट सांगते, पैसे घेणारं प्रत्येक जर्नल चोर नसतं. चांगली ओपन ॲक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणारी) जर्नल्सही लेखकाकडून फी घेतात, पण ती आधीपासून उघड लिहिलेली असते आणि बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांना सवलत किंवा माफी मागता येते. इथे अकाउंट तर कुणा एका व्यक्तीच्या नावाचं होतं, जर्नलच्या नाही. ते बघून हात थबकला होता माझा, तरी भरले. माझे दोन महिने निघाले असते एवढे पैसे. आठवड्याने डीओआयसाठी (पेपरचा कायमचा ऑनलाईन ओळख नंबर) वेगळे मागितले, तेही दिले. तो डीओआय आजपर्यंत कुठेच उघडलेला नाही.

प्रूफ आलं तेव्हा डोळे उघडले. माझ्या तिसऱ्या टेबलचा शेवटचा कॉलम पानाबाहेर कापलेला, म्हणजे निष्कर्ष ज्या आकड्यांवर उभा तेच आकडे नाहीत, आणि माझ्या युनिव्हर्सिटीचं नाव चुकीचं. दुरुस्ती पाठवली तर उत्तर, छान आहे असंच जाईल. मग घाबरून मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, आधी सांग कॉपीराइट फॉर्मवर सही केलीस का. केली होती. लगेच पेपर मागे घेते म्हणून लिही म्हणाल्या. लिहिलं. तर विथड्रॉवल फी मागितली, भरलेल्या फीच्या दुप्पट! मी भरली नाही. दोन दिवसांत पेपर तसाच छापून टाकला, कापलेल्या टेबलसकट.

लोकांना वाटतं पैसेच गेले ना, जाऊ दे. पैसे नाही हो, पेपर गेला. कुठल्याही बऱ्या जर्नलला पाठवताना लिहून द्यावं लागतं की हे आधी कुठे छापलेलं नाही. मी एका चांगल्या जर्नलच्या एडिटरना सगळं खरंखरं लिहून विचारलं, त्यांनी फार माणुसकीने उत्तर दिलं पण उत्तर "नाही" असंच होतं, या स्वरूपात घेता येणार नाही, नवीन डेटा असेल तर जरूर पाठवा. आणि पीएचडीच्या इंटरव्ह्यूत पॅनेलने जर्नलचं नाव वाचून एकमेकांकडे बघितलं, तो क्षण मी विसरू शकत नाही. तो रकाना रिकामा ठेवलेला शंभरपट बरा होता.

हे प्रकार नवे नाहीत. जेफ्री बील नावाचे एक लायब्ररियन अशा जर्नल्सची यादी ठेवायचे, जानेवारी 2017 मध्ये ती त्यांनी बंद केली. त्याआधी 2013 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका असलेला एक खोटा पेपर 304 ओपन ॲक्सेस जर्नल्सना पाठवला होता, त्यातल्या 157 जणांनी तो घेतला आणि 98 जणांनीच नाकारला. पण तो सायन्सचा पेपर होता, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना वाटतं हे मेडिकल आणि सायन्सवाल्यांचं लफडं, आपल्या मीडिया स्टडीजच्या पेपरसाठी कोण येतंय. येतात. आपल्या विषयात तर "इंटरनॅशनल जर्नल ऑफ", पुढे कम्युनिकेशन, मीडिया आणि सोसायटी हे शब्द हवे तसे फिरवले की खऱ्या जर्नलसारखंच नाव तयार होतं.

त्या ज्युनिअरबरोबर मी तासभर बसले. डीओएजेवर (तपासून घेतलेल्या ओपन ॲक्सेस जर्नल्सची ऑनलाईन यादी) नाव शोधलं, नव्हतं. साईटवर कोपचा (प्रकाशनातल्या नीतिमत्तेवर काम करणारी संस्था) लोगो होता म्हणून कोपच्या सदस्यांच्या यादीत शोधलं, तिथेही नव्हतं, लोगो नुसताच चिकटवलेला. मग जुने अंक उघडले, आणि एकाच अंकात टीव्ही जाहिरातींवरचा पेपर, त्याच्या खाली मातीच्या पोतावरचा, त्याच्या खाली दातांच्या मुळांवरचा. माझ्या वेळी मी जुने अंक उघडलेच नव्हते. तिने तिथेच मेल डिलीट केला, आणि माझ्यासारखी फाईलही बनवली, पहिली एन्ट्री तीच.

कुणाचे पैसे आधीच गेले असतील तर दुसरा हप्ता देऊ नका, काहीही धमकी आली तरी. मेल, पावत्या, स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवा आणि गाईडला आजच सांगा, लाज वाटली तरी. कॉपीराइट फॉर्मवर सही झाली नसेल तर अजून बरंच वाचवता येतं.

माझं म्हणाल तर मी नवीन सॅम्पल घेतलंय, 620 हेडलाईन्स, कोडबुक तेच थोडं सुधारून. मैत्रीण परत दुसरी कोडर व्हायला तयार झाली. 210 झाल्या आहेत, पहिल्या फेरीचा कॅपा 0.74 आला, आणि या वेळी तो आकडा मी मेथडॉलॉजीच्या अगदी पहिल्या पॅरेग्राफमध्ये टाकलाय.