मागचे ब्रेक, आतले पॅड आणि माझे १३,८०० रुपये

मे २०२५. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरत होतो, मागे दोन्ही पोरं झोपलेली. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेक दाबला आणि मागच्या डाव्या चाकातून खर्र असा आवाज आला, तव्यावर उलथनं घासावं तसा. बायको म्हणाली, "अहो, आत्ता दिवाळीतच तर ब्रेक केले ना तुम्ही?"

केले होते. रोख १३,८०० मोजून केले होते.

आमची गाडी २०१९ ची, सात सीटर एसयूव्ही, मागे-पुढे चारही चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे दोन पॅड. ऑक्टोबर २०२४ मध्ये ५८ हजार किलोमीटर झाले होते आणि मागून बारीक चूं-चूं यायला लागली होती. नागपुरात आमच्याकडे रिंग रोडच्या बाजूला एक गॅरेज आहे, नाव लिहीत नाही. लिफ्ट आहे, बसायला खुर्च्या आहेत, मालक गोडबोल्या आहे. गाडी लिफ्टवर चढली आणि मी समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खायला गेलो. सगळा घोळ त्या पंधरा मिनिटांत झाला. परत आलो तर पोरगा हातात एक गंजकी डिस्क घेऊन उभा. तिच्यावर शेतात नांगराचे तास पडावेत तशा खाचा, आणि कडेला एका जागी चंद्रकोरीएवढा टवका उडालेला. "हे पाहा भाऊ, डिस्क पूर्ण खाऊन टाकली. पॅड तर राहिलेच नाही." मी फोटो काढून बायकोला पाठवला. तिने लिहिलं, टाका नवीन, पोरं बसतात गाडीत.

पक्कं बिल मागितलं तर मालक म्हणाला, "पक्क्या बिलावर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागते ना भाऊ, काऊन फुकट पैसे घालवता?" (तेव्हा बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्केच होता, सप्टेंबर २०२५ मध्ये १८ झाला.) मलाही चार पैसे वाचल्याचा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. एका चिठ्ठीवर 'मागचे पॅड + डिस्क जोडी' असं लिहून मिळालं. पैसे यूपीआयने गेले, तेही कुण्या पोराच्या वैयक्तिक नंबरावर. घरी येऊन अलॉयच्या फटीतून पाहिलं. डिस्क चांदीसारखी चकाचक, पॅडच्या पाठीवर नवा निळा रंग. बरं वाटलं.

घाटातल्या त्या खरखरीनंतर नागपूरपर्यंत गाडी कशी आणली ते माझं मला माहीत. गॅरेजवरचा विश्वास उडाला होताच, म्हणून यावेळी घरीच करायचं ठरवलं. आमच्या शेजारचे काका एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेत, ते म्हणाले मी खुर्ची टाकून बसतो, हात तू काळे कर. मे महिन्यात नागपुरात नऊनंतर पानाही हाताला चटका देतो, म्हणून सहाला सुरुवात. पुढच्या चाकांना विटा, मागे जॅक, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली स्टँड. मागचं काम असलं की हातब्रेक सोडावा लागतो, तेव्हा पुढच्या चाकांच्या विटा म्हणजे नुसता उपचार नाही. स्टँडशिवाय काकांनी चाकाला हात लावू दिला नाही.

डावं चाक निघालं. बाहेरचा पॅड निळा, सात मिलिमीटर तरी मसाला (घासला जाणारा थर) शिल्लक. मी म्हणालो, काका हे तर चांगलं आहे. ते म्हणाले, "आतलं काढ."

पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट काढले आणि तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला, कारण ब्रेकच्या तेलाच्या रबरी होजवर लोंबत सोडला तर होज आतून फाटतो. आतला पॅड बाहेर आला आणि मी बघतच राहिलो. मसाला नावालाही नाही, नुसता पत्रा, आणि तोच पत्रा डिस्कला घासत होता. त्या पत्र्याच्या पाठीवर गाडीच्या कंपनीचा ठसा आणि २०१९ हे वर्ष. म्हणजे शोरूममधून गाडी आली तेव्हाचाच पॅड. बाहेरचा मात्र दुसऱ्याच कंपनीचा. उजवीकडेही तसंच.

इथे एक गोष्ट नीट सांगतो, कारण गॅरेजवाला हमखास हीच पळवाट काढतो. अशा कॅलिपरला पिस्टन आतल्याच बाजूला असतो आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दाबतो. पिना गंजून अडकल्या की आतला पॅड एकटाच झिजतो. त्यामुळे आतला कमी आणि बाहेरचा जास्त एवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही. म्हणून आम्ही पिना तपासल्या. दोन्हीकडच्या बोटाने ढकलल्या तर लोण्यात सुरी जावी तशा सरकत होत्या. आणि झिजेचं कारण काहीही असो, पॅडवरचं वर्ष तर झिजून २०१९ होत नाही.

मग डिस्क. हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) तिला धरून ठेवणारा एक छोटा स्क्रू असतो. नवी डिस्क बसवायची तर तो काढावाच लागतो. त्या स्क्रूच्या खाचेत गंज ठासून भरला होता, पेचकस कधी टेकलाच नव्हता. तो हलेना. शेवटी हातोडीने ठोकायच्या इम्पॅक्ट पेचकसने तिसऱ्या ठोक्याला सुटला. डिस्कही हबला चिकटलेली, मग तिच्यातल्या दोन आट्यांच्या भोकांत बोल्ट आळीपाळीने आवळून ती मागून रेटत काढली. बाहेरच्या बाजूला पॉलिश पेपर मारून कडेवर आणि मधल्या भागावर चांदीचा स्प्रे मारला होता, आणि तो घाईत हबवरही उडाला होता. आतल्या बाजूला, जिथे धूळ अडवणाऱ्या पत्र्यामुळे बाहेरून दिसत नाही, तिथे खाचा आणि खाचाच.

डिस्कवर 'मिन टीएच १०' असं कोरलेलं असतं, म्हणजे दहा मिलिमीटरच्या खाली ती वापरायची नाही. मी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर ११ आली. काका हसले. कडेला पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेला ओठ राहतो, व्हर्नियर त्याच्यावरच टेकतो. त्यांनी खिशातून एक रुपयाची दोन नाणी काढली, ओठाच्या आत दोन्ही बाजूंना एकेक धरली, वरून माप घेतलं आणि नाण्यांची जाडी वजा केली. ९.२.

त्यांनी फोनमधला दिवाळीचा फोटो मागितला, टवका उडालेल्या डिस्कचा. चष्मा कपाळावर नेऊन मोठा करून पाहिला. "तुह्या गाडीले नट किती हायेत बे?"

पाच.

"मोज." फोटोतल्या डिस्कला चारच भोकं होती. सात महिने तो फोटो माझ्या फोनमध्ये होता.

चार पॅडच्या एका डब्यात त्यांनी दोन गाड्या भागवल्या असाव्यात, हा काकांचा अंदाज. दोन बाहेरचे माझ्या गाडीला, उरलेले दोन दुसऱ्या कुणाला. डिस्कच्या नावाखाली तर स्प्रेचा एक फवाराच मिळाला.

नवं सामान घ्यायला घाट रोडकडे गेलो, तिथेही टोपी बसता बसता राहिली. एका काउंटरवर 'ओरिजिनल' म्हणून डबा मिळाला. त्यावर छापील एमआरपीवर दुसरं स्टिकर, पॅकिंगचा महिना-वर्ष कुठेच नाही, उत्पादकाच्या पत्त्यात गावाचं स्पेलिंग चुकलेलं. २०११ च्या वजनमापे नियमांप्रमाणे पाकिटावर उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. हे विचारल्यावर डबा इतक्या चपळाईने काउंटरखाली गेला की विचारता सोय नाही. शेवटी कंपनीच्या अधिकृत पार्ट काउंटरवर चॅसिस नंबर सांगून घेतलं. पॅडचे २,४०० आणि डिस्क जोडीचे ५,६००, पक्क्या बिलासकट. महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, आणि तो सरकारी पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावाचा आहे ते दिसतं. हे मी आता किराण्याच्या बिलावरही करतो, बायको वैतागते.

बसवताना माझी एक चूक. पिस्टन मागे घ्यायला मी शिकंजा लावून जोर करायला लागलो. काका खुर्चीतून उठलेच. "काऊन जोर लावून राहिला बे? ते दाबून जात नाही, फिरवून जाते." आमच्या गाडीत हातब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरमध्येच आहे, त्यामुळे पिस्टन फिरवणाऱ्या टूलने गोल फिरवत आत घ्यावा लागतो, दाबला तर आतली यंत्रणा मोडते. इलेक्ट्रिक हातब्रेकवाल्या गाडीत आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडवर टाकावं लागतं, ते घरी जमत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. बाकी काम सरळ होतं. हबवरचा गंज घासला, नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसलं, पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं (साध्या ग्रीसने रबर फुगतं), नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आळीपाळीने आवळले. गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल कडक होईस्तोवर मारलं, पहिल्या दाबाला ते खोल जातं. मग मिहान या औद्योगिक भागातल्या मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबत ताशी पन्नासवरून दहावर, आठ-दहा वेळा. आवाज बंद.

सोमवारी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल नव्हतं, पण चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि पॅड-डिस्कचे फोटो होते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तोही रस्ता राखून ठेवला. मग चारही पॅड भाजीच्या पिशवीत घालून गॅरेजवर गेलो.

मालक आधी म्हणाला, पिन जाम झाली असेल भाऊ, आतला पॅड खातेच. मी २०१९ चा ठसा दाखवला. मग म्हणाला, पोरगा नवा होता, सोडून गेला. मग म्हणाला, दोन हजार घेऊन जा, पुढची सर्व्हिसिंग फुकट. मी म्हणालो, पूर्ण पैसे. तो "थांबा, बघतो" म्हणून आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

मी खुर्चीत बसलो होतो. लिफ्टवर एक पांढरी एसयूव्ही, तिचा मालक नुकताच टपरीवरून तोंड पुसत आला. सोडून गेलेला तोच पोरगा टायरच्या ढिगामागे वाकला आणि हातात एक डिस्क घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. कडेला चंद्रकोरीएवढा टवका.

"हे पाहा भाऊ, डिस्क पूर्ण खाऊन टाकली."

मी उठलो आणि त्या माणसाला विचारलं, "भाऊ, तुमच्या गाडीला नट किती?"