इंजिनाच्या भागांवरचा निळा रंग: एका ॲनोडायझिंग वर्कशॉपच्या कामाचे परीक्षण

इंजिन दुरुस्तीसाठी उतरवलेलेच होते, तेव्हा बॉनेट उघडल्यावर दिसणारे त्याचे काही भाग याच खेपेला रंगवून घ्यावेत, असे मी ठरवले. फ्युएल रेल (इंजेक्टरना इंधन पुरवणारी नळी), ऑइल फिलर कॅप, क्रँक आणि वॉटर पंपाच्या पुल्या, इनटेक मॅनिफोल्ड (हवा इंजिनात नेणारा भाग), टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण) आणि चार-पाच ब्रॅकेट असा ऐवज घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेलो आणि सगळे भाग एकाच गडद रंगात ॲनोडाइझ करून मागितले. मालकांनी भाग टेबलावर मांडले, एकेक हातात घेऊन पाहिला, ब्रॅकेटना चुंबक लावला आणि निम्म्याहून अधिक भागांना तिथल्या तिथे नकार दिला. या परीक्षणात मी त्यांना सर्वाधिक गुण देतो ते त्या नकाराचे.

ॲनोडायझिंग म्हणजे वरून चढवलेला रंग, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमचा भाग पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये धनाग्र म्हणून टांगतात आणि त्यातून डीसी प्रवाह सोडतात. त्यामुळे धातूच्या पृष्ठभागाचेच ऑक्साइडमध्ये रूपांतर होते आणि तो थर काही अंशी धातूच्या आत, तर काही अंशी बाहेर वाढतो. या थराला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. रंग त्या छिद्रांत मुरतो आणि नंतर जवळजवळ उकळत्या पाण्यात भाग बुडवून छिद्रांची तोंडे बंद केली जातात. १९२३ मध्ये ॲनोडायझिंग औद्योगिक स्तरावर प्रथम वापरले गेले ते सी-प्लेनचे, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचे, ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे भाग गंजू नयेत म्हणून. शोभेचा विचार त्यात नंतर आला. लोखंडी ब्रॅकेट या टाकीत घातले तर रंगायचे राहोच, ॲसिड त्यांना खाऊ लागते. ओतीव ॲल्युमिनियमची अडचण वेगळी आहे. साच्यात दाबाने ओतलेल्या भागांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एडीसी-१२ या मिश्रधातूत सुमारे १० ते १२ टक्के सिलिकॉन असते, ते ऑक्साइडच्या थरात धातूसारखे सामावत नाही आणि निळ्याच्या जागी करडे, डागाळलेले पृष्ठ मिळते. मॅनिफोल्ड आणि टॅपेट कव्हर दोन्ही ओतीव असल्याने त्यांना पावडर कोटिंगच (कोरडी रंगपूड फवारून भट्टीत पक्की करणे) करावे, असे मालकांनी सुचवले आणि जुन्या फसलेल्या कामाचा एक नमुना कपाटातून काढून दाखवला. तो पाहिल्यावर माझा हट्ट संपला.

क्रँक पुलीला त्यांनी दोन्ही कामांसाठी नकार दिला, आणि हे मला मुळीच सुचले नव्हते. या पुलीच्या आतल्या व बाहेरच्या कड्यांमध्ये कंपने शोषणारे रबर असते, आणि पावडर पक्की करण्यासाठी भाग भट्टीत १८० ते २०० अंश सेल्सिअसवर ठेवावा लागतो. त्या तापमानात रबराची पकड सुटली, तर पुली रंगीत दिसेल पण तिचे खरे काम संपेल. एक्झॉस्ट मॅनिफोल्डबद्दलही मी विचारून पाहिले, तर साधी पावडर त्यावर जळून जाईल, त्याला सिरॅमिक कोटिंग लागते आणि ते आमच्याकडे होत नाही, असे सरळ उत्तर मिळाले.

ॲनोडायझिंगचे काम उत्कृष्ट झाले आहे. फ्युएल रेलवरचा निळा रंग धातूच्या आतून आल्यासारखा वाटतो आणि प्रकाशाची दिशा बदलली की त्याची छटाही बदलते. पावडरला ही खोली कधीच येत नाही. टाकीत भाग ज्या ठिकाणी पकडतात, तिथे रंग न चढता लहानसा ठिपका राहतो. तो पूर्णपणे टाळता येत नाही, पण कामगाराने रेल अशा जागी पकडली आहे की ठिपका इंजिनाच्या बाजूला वळतो आणि शोधल्याशिवाय दिसत नाही. इंजेक्टरच्या भोकांत आणि आट्यांत सिलिकॉन रबराचे बूच बसवलेले असल्यामुळे बोल्ट पहिल्या फेऱ्यापासून सहज बसले. ऑइल कॅपची छटा मात्र रेलपेक्षा किंचित गडद आली. दोन्ही भाग एकाच टाकीतून, एकाच वेळी काढलेले असले तरी मिश्रधातू वेगळा असला की रंग वेगळा दिसतो, आणि याची कल्पना मला आधीच दिलेली होती. रेलवरचा एक जुना ओरखडाही तसाच दिसतो, कारण काही मायक्रॉनचा हा थर काहीच झाकत नाही; तो घासून काढण्याचा सल्ला मी घाईपोटी ऐकला नाही.

पावडरचा निळा आणि ॲनोडायझिंगचा निळा शेजारी ठेवले की दोन्ही बिघडतात, असे माझे मत झाले. म्हणून टॅपेट कव्हर आणि मॅनिफोल्ड सुरकुत्यांच्या पोताच्या काळ्या पावडरमध्ये करून घेतले. कव्हर रंगवण्याची हौस जुनीच आहे. फेरारीच्या १९५६ च्या ५०० टीआर या गाडीला ‘टेस्टा रोसा’, म्हणजे ‘लाल डोके’, हे नाव इंजिनाच्या कव्हरवरच्या लाल रंगामुळेच मिळाले. ओतीव धातूच्या छिद्रांतील तेल आणि हवा भट्टीत बाहेर पडून पावडरला फोड येतात, ते टाळण्यासाठी दोन्ही भाग आधी कोरेच तापवून घेतले होते. गॅस्केटच्या कडा टेप लावून स्वच्छ राखल्या होत्या. एवढ्यापर्यंत तक्रारीला जागा नव्हती.

तक्रार आहे ती टॅपेट कव्हरच्या आतल्या भागाबद्दल, आणि ती गंभीर आहे. जुना रंग काढण्यासाठी कव्हरवर काचेच्या बारीक मण्यांचा मारा केला गेला, पण आतल्या बाजूला रिव्हेट मारून बसवलेला, तेलाचे शिंतोडे अडवणारा पत्रा तसाच ठेवला गेला. घरी कव्हर हलवून पाहताना खसखशीसारखा आवाज आला, म्हणून मेकॅनिकने रिव्हेट ड्रिलने काढले, तर पत्र्यामागून चमचाभर मणी निघाले. ते तेलात उतरले असते तर बेअरिंगांची वाट लागायला फार दिवस लागले नसते. वर्कशॉपने आधी ‘आम्ही हवा मारली होती’ असे उत्तर दिले, पण मणी दाखवल्यावर चूक मान्य केली, कव्हर धुऊन दिले आणि पत्रा नव्याने बसवून दिला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. तरीही चूक गिऱ्हाइकाने शोधून काढावी लागली, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही.

मॅनिफोल्डवर अर्थिंगची तार जिथे बसते, त्या जागीही पावडर चढली होती. पावडर वीज वाहून नेत नाही. इंजिन जोडल्यावर सेन्सर चुकीचे आकडे दाखवू लागले आणि ती जागा खरवडल्यावर सगळे सुरळीत झाले. ती जागा मी दाखवून द्यायला हवी होती आणि त्यांनी विचारायला हवी होती, म्हणून हा दोष मी अर्धा माझ्याकडे घेतो.

वर्षभराच्या वापरानंतर निळा रंग जसाच्या तसा आहे. मला सुरुवातीला जांभळा हवा होता, परंतु जांभळा आणि लाल हे रंग उष्णतेत व उन्हात लवकर विटतात असे सांगून मालकांनी मला निळ्याकडे वळवले होते. ऑइल कॅपवर एक पांढुरका डाग पडला आहे, तो इंजिन धुताना वापरलेल्या तीव्र अल्कलीयुक्त डिग्रीझरचा (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाचा). अल्कलीने हा थर विरघळतो, हे कामाच्या पावतीवर छापलेलेही होते आणि मी ते वाचले नव्हते. तेव्हापासून सौम्य साबणाच्या पाण्यावरच भागवतो.

थर्मोस्टॅटचे ब्लॉकमधून कोरलेले नवे हाउसिंग मी पुढच्या महिन्यात ॲनोडायझिंगसाठी याच वर्कशॉपला देणार आहे. आत पोकळी किंवा बंद पत्रा असलेला भाग मात्र आधी स्वतः पूर्ण उघडल्याशिवाय त्यांच्याकडे पाठवणार नाही.