जाम झालेली पक्कड: तेल की व्हिनेगर?

जुन्या पेटीत सापडलेली, गंजून जाम झालेली पक्कड तेलाने सोडवावी की व्हिनेगरमध्ये बुडवावी, असा पेच एका स्नेह्यांना पडला आहे.

गंजलेले सांधे सोडवणारे पातळ तेल गंज विरघळवत नाही; ते रिव्हेटभोवतीच्या (पकडीचे दोन भाग जोडणाऱ्या खिळ्याभोवतीच्या) फटीत झिरपते आणि वंगणाचे काम करते. म्हणून तेल सोडून रात्रभर थांबावे आणि मग दांडे थोडेथोडे मागेपुढे हलवावेत. फटीतून तपकिरी राड बाहेर येऊ लागली की ती पुसून पुन्हा तेल सोडावे. मनगट दुखते, पण हत्याराला धोका नाही.

साधे, सुमारे ५ टक्के आम्लाचे व्हिनेगर गंज खरोखरच खाते आणि स्वस्तही पडते. त्याचे कष्ट नंतरचे: २४ तासांच्या आत बाहेर काढून घासणे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवणे, पूर्ण कोरडे करून लगेच तेल लावणे, एवढे न केल्यास पाहता पाहता नवा गंज धरतो. शिवाय ते जस्ताचा मुलामा उतरवते आणि जास्त वेळ राहिल्यास पोलादही कुरतडते. विसरभोळ्यांनी (मी त्यांतलाच) या वाटेला जाऊ नये.

केवळ सांधा अडकला असेल किंवा हत्यारावर मुलामा असेल, तर तेल पुरे. सर्वांगावर गंजाचे पापुद्रे चढले असतील, तर व्हिनेगरच. मात्र आधी तेल वापरले असल्यास ते साबणाने धुऊन काढावे, नाहीतर आम्ल गंजापर्यंत पोहोचत नाही.