बदलापुरात घर घेताना: कात्रप, बेलवली आणि नदीकाठचा पश्चिम भाग

बदलापुरात राहायला येऊन आम्हांला चार पावसाळे झाले. घर घेण्यापूर्वी पूर्वेकडील कात्रप व शिरगाव आणि पश्चिमेकडील बेलवली, मांजर्ली व हेंद्रेपाडा हे भाग आम्ही हिंडून पाहिले होते. त्या पाहणीवरून आणि नंतरच्या अनुभवावरून हा अभिप्राय देत आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर रेल्वेने 68 किलोमीटर आहे. जलद लोकलही कल्याणच्या पुढे प्रत्येक स्थानकावर थांबते, त्यामुळे एका वेळचा प्रवास दीड तासाच्या आसपास जातो. इतका वेळ गाडीत काढून उतरल्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत आणखी वीस मिनिटे उभे राहणे किती जड जाते, हे रविवारी दुपारी घर पाहायला आलेल्या माणसाला कळत नाही. आम्ही कात्रप निवडले ते मुख्यतः स्थानकापर्यंत पायी जाता येते म्हणून. रस्त्यावरची गर्दी आणि संध्याकाळी उड्डाणपुलावर होणारी कोंडी मात्र इथे सोसावी लागते.

पश्चिमेकडे मोकळी हवा आहे, इमारती नव्या आहेत, आणि आमच्या अंदाजपत्रकात तिथे एक खोली जास्त मिळत होती. पण उल्हास नदी याच बाजूने वाहते. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, हे अनेकांना आठवत असेल; हेंद्रेपाड्यासारख्या सखल भागात तर घरांमध्ये पाणी शिरते. घरे दाखवणारा एजंट आम्हांला 'इथे पाणी येत नाही' असे ठामपणे सांगत होता, आणि त्याच इमारतीखालचा किराणा दुकानदार जून लागला की मांडणीचा सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवत होता. आम्ही त्या कप्प्यावर विश्वास ठेवला.

नदीच्या बाजूला घर घ्यायचेच असेल तर नगरपरिषदेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा पाहण्यास मागावा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे तिथे राहायला जाण्यास नगरपरिषदेने दिलेला परवानगीचा दाखला, पाहावे, आणि सोसायटी जुनी असल्यास मागील दोन उन्हाळ्यांत टँकरवर किती खर्च झाला ते हिशेबात तपासावे.

कल्याण ते बदलापूर रेल्वेची तिसरी व चौथी मार्गिका आणि अंबरनाथ व बदलापूर यांच्या दरम्यानचे नवे चिखलोली स्थानक यांचे नाव जाहिरातींत मोठ्या अक्षरांत असते. ही कामे आवश्यकच आहेत, परंतु त्यांच्या भरवशावर आज जास्त दर देऊ नये.

माझ्या धाकट्या भावाला बेलवलीतील एक घर आवडले आहे. टोकन देण्यापूर्वी जुलैतल्या एखाद्या कामाच्या दिवशी रात्री साडेआठला लोकलमधून उतरून त्या घरापर्यंत चालत जा, एवढेच मी त्याला सांगितले आहे.