वीप की रेससिम? मी कशावर थांबलो ते सांगतो

ऑफिसात दरवर्षी कोणीतरी नवीन पोरगं विचारतंच, सर आधी वीप शिकू की रेससिम, म्हणजे धरणं आणि पाणीवाटपाचं मॉडेल करायची दोन सॉफ्टवेअर. मी दोन्ही वापरलीत, दोन्हींशी भांडलोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. नोड, रीच, रूल कर्व्ह माहितीये असं धरतो.

तुमचं काम पुराचं असेल, म्हणजे दरवाजे कधी उघडायचे, तासातासाला विसर्ग किती, तर पुढचं वाचू नका, सरळ रेससिम घ्या. अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर लोकांनी बनवलंय, फुकट आहे, आणि झोनमध्ये, म्हणजे धरणाच्या पातळीच्या एकेका पट्ट्यात, रूल एकावर एक रचायचे, वरचा आधी पाळला जातो, धरणावरचा माणूस जसा विचार करतो तसंच. इथे वीपने मध्ये पडू नये.

पण आपल्याकडे येणारं काम बहुतेक टंचाईचं. एप्रिलपासून शहराला १५ टक्के कपात लावली तर उन्हाळी आवर्तन बसतं का, असले प्रश्न. वीपमध्ये प्रत्येक मागणीला १ ते ९९ मधला प्राधान्यक्रम द्यायचा, पिण्याला १, शेतीला २, की दर स्टेपला, म्हणजे मॉडेलच्या एकेका कालखंडाला, वाटप ते स्वतःच सोडवतं. रेससिमला हे जमत नाही असं नाही हां, पण एकेका वाटेकऱ्याचं डायव्हर्जन (पाणी वळवायची वाट) आणि रूल लिहिता लिहिता संध्याकाळ होते.

माझं मन मात्र भलत्याच गोष्टीवरून उडालं. रेससिममध्ये सिम्युलेशन बनवलं की ते मूळ नेटवर्कची कॉपी घेतं, तुम्ही तिथे काय बदलाल ते कॉपीतच राहतं. मूळात न्यायचं तर ‘सेव्ह टू बेस’, आणि त्याच मेनूत ‘रिप्लेस फ्रॉम बेस’. दुसऱ्या दिवशी मीटिंग, रात्रीचे साडेअकरा, चार तास बसून रूल लिहिलेले आणि माझा हात नको त्यावर पडला, जुनं मूळ येऊन कॉपीवर बसलं, झालं. शेवटच्या लोकलचा नाद सोडला आणि पहाटेपर्यंत सगळं परत लिहिलं. चूक माझीच, मान्य, पण वीपमध्ये असं घडायला जागाच कमी आहे, नवीन सिनारिओ वरच्या सिनारिओकडून सगळं घेतो, तुम्ही बदललेला आकडा वेगळ्या रंगात दिसतो, साहेबांनी भर मीटिंगमध्ये ‘१५ नको, २० करून बघा’ म्हटलं तरी तिथल्या तिथे करून दाखवता येतं.

वीपही काही साधं नाही. सरावाला आपल्या मुंबईचे सात तलाव घ्या, एकूण उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, त्यातला निम्मा एकट्या भातसाचा. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर एकाच नदीवर एकाखाली एक. भरण्याचा प्राधान्यक्रम सगळ्यांचा ९९ च ठेवलात तर वीप तिघांना टक्क्यांत सारखं भरायला बघतं, वरचं पाणी खाली सोडून. प्रत्यक्षात मोडकसागर वाहत असतो आणि अप्पर वैतरणा अजून अर्धा असतो, पहिल्या रनला हे हमखास फसतं. उजनीचंही तसंच, एकूण सुमारे ११७ टीएमसी, त्यात ६३ च्या आसपास मृतसाठा, आणि आपण दर उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ म्हणतो. मॉडेलला मायनस कळत नाही, मृतसाठा म्हणून टाकलेलं पाणी ते कोणालाच देत नाही. मी मृतसाठ्याला बफर झोन (जपून वापरायचा साठा) करतो आणि दर स्टेपला त्यातलं किती द्यायचं तो गुणांक लहान ठेवतो, मग ते पुरवून पुरवून देतं.

लायसन्सचं थोडक्यात, आपल्याकडे सरकारी खात्यांना आणि कॉलेजांना वीप फुकट मिळतं, आमच्यासारख्या कन्सल्टंटना पैसे पडतात. छोट्या ऑफिसला ते टोचतं, मलाही टोचलं.

खरा डोक्याला ताप होता जायकवाडीचा. २०१४ च्या समन्यायी वाटपाच्या आदेशात जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला बघायचा, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. वीप सवयीने महिन्याच्या स्टेपवर चालतं, त्यामुळे २० तारखेचा परतीचा पाऊसही त्याच ऑक्टोबरात मोजला जातो आणि मॉडेल म्हणतं, सोडायची गरजच नाही! रेससिम रोजच्या स्टेपवर चालवलं तर ही भानगड नाही, हे कबूल. शेवटी मी वीपमध्ये वर्षाचे १२ ऐवजी २४ स्टेप केले, सरळ पंधरवड्याचे. आवक पुन्हा जुळवायला दोन दिवस गेले, पण गेले ते एकदाच.